टेन्शनने बिघडलेलं पोट आणि सुया

हिंजवडीची शिफ्ट आणि जेवणाच्या जागी चहा-क्रीमरोल चालू असेल, तर नुसत्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांनी पोट सुधारत नाही. शौचात रक्त, घटतं वजन किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल तर आधी डॉक्टर.

सुई टोचायचा मुख्य बिंदू पायावर. गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. बोटं रुग्णाची मोजायची, स्वतःची नव्हे; जागा चुकते ती इथेच. दुसरा मनगटाच्या आत, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (कातडीखाली लागणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांच्या) मध्ये. ०.२५ मिमी जाडीची निर्जंतुक सुई, एकदाच वापरायची, २०-३० मिनिटं ठेवायची. जड, बोथट ठणका आला तर ठीक. विजेसारखी झिणझिणी हातात गेली तर सुई मज्जातंतूला टेकली आहे, लगेच मागे घ्यावी. उपाशीपोटी बसवलं की भोवळ येते, म्हणून तासभर आधी थोडं खाऊन यावं.

घरी सुई टोचू नये, याच जागा अंगठ्याने दोन मिनिटं दाबाव्यात. जेवणानंतरच्या जडपणावर गुण बरा येतो. आयबीएसमध्ये (आतड्यांचा जुनाट त्रास: पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ) मात्र खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या टोचल्यासारख्या केलेल्या सुयांच्या तुलनेत फरक फारसा दिसलेला नाही, त्यामुळे चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत.