लॅपटॉपला जोडलेल्या स्पीकरचा आवाज असा वाढला

स्पीकर ३.५ मिमी जॅकला लावले, विंडोजचा आवाज १०० वर नेला, तरी चित्रपटातले संवाद पुटपुटल्यासारखेच यायचे. व्हॉल्यूम मिक्सर उघडला. तिथे प्रत्येक ॲपची पट्टी वेगळी असते. ब्राउझरची अर्ध्यावर होती, ती वर सरकवली. मग स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये, एन्हान्समेंट्स टॅबखाली 'लाउडनेस इक्वलायझेशन' चालू केलं. खरा फरक यानेच पडला: हळू संवाद वर आले, स्फोटांचे आवाज दबले. गाणी ऐकताना मात्र मी ते बंदच ठेवतो, कारण सुरांतला चढ-उतार सपाट होतो आणि ते मला अजिबात सहन होत नाही. काही साउंड ड्रायव्हरमध्ये (लॅपटॉपचा आवाज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हा पर्याय नसतो. स्पीकरला वीज यूएसबीतूनच मिळत असेल तर २.० पोर्ट जेमतेम २.५ वॅट देतो. तिथे वेगळ्या ॲडॅप्टरवर चालणारे स्पीकरच घ्यावेत.