सॅम्पल स्ट्रिंग्जमध्ये जीव कसा आणावा

संगणकावर स्ट्रिंग्जचा पॅच, म्हणजे खऱ्या वादकांच्या रेकॉर्डिंगमधून बनवलेला आवाज, उघडून दोन हातांनी कॉर्ड दाबला की आवाज भरदार येतो, पण थोड्याच वेळात कानाला कंटाळवाणा वाटू लागतो. खऱ्या व्हायोलिनचा स्वर लागल्यावर तसाच राहत नाही. गजाचा दाब आणि वेग सतत बदलत असतो. ही हालचाल मिडीत, म्हणजे कीबोर्डवरून संगणकात जाणाऱ्या वाजवण्याच्या सूचनांत, आणता आली पाहिजे. महागडी लायब्ररी, म्हणजे अशा पॅचचा संच, नंतर बघू. सुरुवातीला 'बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर'सारखी मोफत लायब्ररी पुरते.

आधी कॉर्ड फोडा. मोठ्या ऑर्केस्ट्रात साधारण १६ पहिली व्हायोलिन्स, १४ दुसरी, १२ व्हिओला, १० चेलो आणि ८ डबल बास असतात. १६ व्हायोलिन्सच्या पॅचवर चार स्वर एकदम दाबले, तर ६४ व्हायोलिन्स वाजतात. म्हणून प्रत्येक गटाला वेगळा ट्रॅक द्या आणि प्रत्येकाकडून एकच ओळ वाजवून घ्या. खालची मर्यादा पाळा: व्हायोलिन मिडी स्वर क्रमांक ५५ च्या खाली जात नाही, व्हिओला ४८ च्या आणि चेलो ३६ च्या. खालच्या स्वरांमध्ये अंतर मोकळं ठेवा, नाहीतर आवाज गढूळ होतो.

मग आर्टिक्युलेशन, म्हणजे वाजवण्याची पद्धत, निवडा. लांब ओळीला लेगाटो (स्वर जोडून), तुटक ठेक्याला स्पिक्काटो (गज उसळवत). ओळीच्या मध्येच बदल हवा असेल तर की-स्विच, म्हणजे पद्धत बदलणारी कीबोर्डवरची पट्टी, वापरा. लेगाटोत दोन स्वर एकमेकांवर किंचित चढलेले असावे लागतात. मध्ये फट राहिली तर एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचं रेकॉर्डिंग वाजतच नाही.

आता खरं काम, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. बहुतेक लायब्रऱ्यांत कीबोर्डवरचं मॉड व्हील हे चाक, म्हणजे सीसी १ (मिडीतलं नियंत्रण क्रमांक १), हळू आणि जोरात वाजवलेल्या रेकॉर्डिंग्जमध्ये सरकतं. त्यामुळे आवाजाचा पोतच बदलतो. सीसी ११ फक्त आवाज कमी-जास्त करतं. चार मात्रांचा एक स्वर घ्या. सीसी १ सुमारे ४५ वर सुरू करा, तिसऱ्या मात्रेपर्यंत ८० कडे न्या, शेवटी ५५ वर आणा. पुढचा स्वर तिथूनच उचला, पुन्हा ४५ वर उडी नको. माउसने सरळ रेघ ओढण्यापेक्षा गाणं चालू ठेवून चाक हाताने फिरवा. ओळ गुणगुणत फिरवलंत तर श्वासाच्या जागा आपोआप सापडतात. एकल व्हायोलिनला मात्र सीसी १ जपून वापरा. दोन रेकॉर्डिंग्ज एकत्र वाजताना एकाऐवजी दोन वादक ऐकू येतात. तिथे सीसी ११ वर भर द्या.

तुटक स्वरांचा जोर मात्र व्हेलॉसिटीवर, म्हणजे पट्टी किती वेगाने दाबली यावर, ठरतो. सगळ्यांना एकच आकडा देऊ नका.

लेगाटो स्वर उशिरा उमटल्यासारखे वाटतील, कारण गज तारेवर रुळायला लागणारा वेळ रेकॉर्डिंगमध्येच आहे. त्या ट्रॅकला उणे डिले द्या, म्हणजे तो थोडा आधी वाजेल, आणि मेट्रोनोमबरोबर ऐकत योग्य जागा शोधा. सगळं मात्रांच्या ग्रिडला चिकटवून मात्र टाकू नका.

रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, देण्याआधी कोरडा आवाज नीट ऐका. हॉलमध्ये रेकॉर्ड केलेल्या लायब्रऱ्यांत खोलीचा घुमारा आणि वादकांच्या बसण्याच्या जागा आधीच असतात. त्यांना पुन्हा पॅन करू नका, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवू नका. कोरड्या लायब्ररीला रिव्हर्ब द्यायचाच, पण सगळ्या गटांना एकच.