हिरड्यांतून रक्त येतंय? मिठाच्या पाण्याने सुरुवात करा

ब्रश करून थुंकताना बेसिनमध्ये गुलाबी रेघ दिसली की अनेकजण घाबरून त्या जागी ब्रश लावणंच सोडतात. नेमकं तिथेच चुकतं. दात आणि हिरडीच्या सांध्यात साचलेला जंतूंचा चिकट थर हेच बहुतेक वेळा रक्त येण्याचं कारण असतं, म्हणून तिथे मऊ ब्रश हलक्या हाताने रोज दोनदा फिरायलाच हवा.

जोडीला जुना उपाय: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून जेवणानंतर अर्धा मिनिट खळखळून चूळ भरा. सूज उतरते, ठणका कमी होतो. चिमूटभर हळद पाण्यात कालवून बोटाने हिरडीवर अलगद चोळली तरी चालते. लवंगतेल मात्र नुसतं कधीच लावू नका, हिरडी भाजते. कोरडं मीठ घासणंही टाळा.

दगडासारखं घट्ट झालेलं किटण यातल्या कशानेही निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, पू आला, दात हलू लागला किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपायांवर विसंबून वेळ दवडू नका.