लकव्यानंतर हातासाठी रोबोट: सेंटरवर काय पाहायचं, घरी काय करायचं

हा रोबोट म्हणजे हात पट्ट्याने बांधून हलवायला मदत करणारं मशीन. त्याचं काम एकच: हाताची तीच हालचाल शेकडो वेळा करून घेणं. पण त्यासाठी वावर गहाण टाकू नका. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं रोबोट वापरूनही हाताचा उपयोग नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारला नाही.

फिजिओथेरपी सेंटरवर पेशंटची पाठ खुर्चीला पट्ट्याने बांधलेली हवी. नाहीतर तो हाताऐवजी अंगच पुढे झुकवतो आणि मशीनच्या स्क्रीनवर हालचालीला मिळणारे गुण फुकटचे वाढतात. मनगटाच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढी जागा ठेवा. पट्टा काढल्यावर कातडी बघा, कारण बधिर हाताला काचलेलं कळत नाही. मशीन किती मदत करतंय, हे दरवेळी विचारा. पेशंट जोर लावत नसेल आणि मशीनच हात ओढत असेल, तर मदत कमी करायला सांगा. खांदा दुखला तर तिथेच थांबवा.

पेशंटला उठवताना लुळा हात कधीच ओढू नका, खांदा निखळतो. बसताना कोपराखाली उशी द्या.

एसटीने नागपूरच्या सेंटरला रोज जाणं जमत नाही, म्हणून खरा सराव घरचाच. पाटावर दुपट्टा ठेवून त्यावर हात पुढे-मागे सरकवा. बोटं हलू लागली की ताटातल्या तुरी एकेक उचलून वाटीत टाकायला लावा. थोडं-थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. बोटं आवळली तर झटक्याने उघडू नका. आधी मनगट खाली वाकवा, मग अंगठ्यापासून हळूच सोडवा.