काळ्या जमिनीत मुरणारे पाणी आणि त्याचे गणित : नव्याने या विषयात येणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये स्थापत्य किंवा कृषी अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी, पाणी मुरण्याचे प्रतिरूप मांडायचे म्हटले की, मातीतल्या पाण्याची हालचाल सांगणाऱ्या रिचर्ड्सच्या समीकरणाला थेट हात घालतात. माझा सल्ला नेमका उलटा आहे. १९३१ साली मांडलेले ते समीकरण दिसायला आटोपशीर असले, तरी असंपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण न भरलेल्या, मातीची जलवाहकता (पाणी वाहू देण्याची क्षमता) ओलाव्यागणिक बदलत असल्यामुळे ते अरैखिक होते आणि मोजके अपवाद सोडल्यास संगणकाशिवाय सुटत नाही. त्याआधी ग्रीन आणि ॲम्प्ट यांचे १९११ सालचे प्रतिरूप कॅल्क्युलेटरवर सोडवून पाहावे. ओली आणि कोरडी माती यांच्यात एक स्पष्ट सीमा असून ती खाली सरकत जाते, एवढेच ते गृहीत धरते. सुरुवातीला कोरड्या मातीच्या ओढीमुळे पाणी झपाट्याने का शिरते आणि पुढे हा वेग संपृक्त, म्हणजे पूर्ण भिजलेल्या मातीच्या, जलवाहकतेपाशी का स्थिरावतो, हे त्यातून हाती लागते.

त्यानंतर शेतात जावे. पाणी मुरण्याचा वेग मोजणाऱ्या दुहेरी कड्यांच्या उपकरणात आतले कडे साधारण ३० सेंटिमीटर आणि बाहेरचे ६० सेंटिमीटर व्यासाचे असते. बाहेरच्या कड्यातले पाणी आतल्या पाण्याला आडवे पसरू देत नाही. निफाडच्या काळ्या रानात हे कडे मे महिन्यात भेगेवर बसले, तर ओतलेले पाणी बघता बघता नाहीसे होते. हातभर अंतरावर, भेग नसलेल्या जागी, पट्टीवरची पातळी ढिम्म हलत नाही. या दोन आकड्यांची सरासरी काढणे हा माझ्या मते निव्वळ मनाचा खेळ आहे. माँटमोरिलोनाइट या चिकणमातीतल्या खनिजामुळे फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या या मातीत रिचर्ड्सचे समीकरण भेगांमधला प्रवाह सांगतच नाही. पाऊस लागून भेगा मिटल्यावर मात्र ते बऱ्यापैकी लागू पडते, म्हणून मोजणी कोणत्या महिन्यात केली हे नोंदवहीत लिहायला विसरू नये.

रिचर्ड्सचे समीकरण सोडवणारे हायड्रस-१डी हे विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर शिकण्यास पुरेसे आहे. त्यात चिकणमातीसाठी मातीतला ओलावा आणि पाण्याचा दाब यांचे नाते सांगणाऱ्या व्हान गेनुख्टेनच्या १९८० सालच्या सूत्राचे तयार आकडे मिळतात : घातांक १.०९ आणि संपृक्त जलवाहकता दिवसाला ४.८ सेंटिमीटर. हे आकडे अमेरिकी मातींच्या सरासरीतून आलेले आहेत. सरावाला ते चालतील, प्रबंधाला नाहीत. शिवाय घातांक एकाच्या इतका जवळ असला की संपृक्ततेजवळ जलवाहकता एकदम कोसळते आणि गणन अडकून पडते. अशा वेळी उणे दोन सेंटिमीटर वायुप्रवेश दाबाचा (ज्या दाबाला भिजलेल्या मातीत हवा शिरू लागते त्याचा) पर्याय निवडल्यास बहुधा मार्ग निघतो.

आलेख कितीही सुबक दिसला तरी आधी वस्तुमानाचा ताळेबंद, म्हणजे आत आलेले, बाहेर गेलेले आणि मातीत साठलेले पाणी यांचा हिशेब, पाहावा. समीकरण केवळ दाबाच्या रूपात सोडवले, तर पाणी हिशेबातून गळते. १९९० साली सीलिया आणि सहकाऱ्यांनी दाब आणि ओलावा दोन्ही असलेले मिश्र रूप वापरून हा दोष दूर केला.

प्रतिरूपातल्या मातीच्या खालच्या सीमेकडे सहसा कोणी पाहत नाही. मुक्त निचरा (पाणी केवळ गुरुत्वाने खाली निघून जाते असे मानणे) हा पर्याय सवयीने निवडला जातो, पण तो भूजल खोल असलेल्या, एकसंध मातीसाठी आहे. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला वीत-दोन वीत मातीखाली बेसाल्ट लागतो, आणि द्राक्षबागांतही बऱ्याच ठिकाणी मुरूम फार खोल नसतो. तिथे मुरमाचा स्तर वेगळा दाखवला नाही, तर मुळांपाशी वाफसा कधी येईल याचे उत्तर चुकते, आणि ठिबक कधी सुरू करायचे हे ठरवण्यासाठी बागायतदाराला हवे असते ते हेच उत्तर.