पुरानंतर अंगणवाडी पुन्हा सुरू करताना

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या अंगणवाडीत खिडकीच्या वर चढलं. पाणी ओसरताच पहिलं काम गाळाचं. तो ओला असतानाच फावड्यानं ओढून काढायचा. वाळला की फरशीला घट्ट धरून बसतो. मग ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं फरशी धुतली. प्लास्टिकची खेळणीही त्यातच बुडवली, नंतर साध्या पाण्यानं धुऊन उन्हात टाकली. कापडी बाहुल्या, सतरंज्या आणि भिजलेलं धान्य सरळ टाकून दिलं. डाळ वरून बरी दिसते, आत बुरशी धरते.

खरी गोची वजनकाट्याची. लटकता स्प्रिंगचा काटा पुसल्यावर शून्यावर आला, पण स्प्रिंग गंजलेली. दुकानातून पाच किलोचं वजन आणून लटकवलं, तर काटा साडेचारच्या अलीकडेच थांबला. अशा काट्यावर धडधाकट पोरही कुपोषित ठरायचं! नवा मिळेपर्यंत उपकेंद्रातल्या काट्यावर वजनं घेतली.

रंग द्यायची सगळ्यांनाच घाई. मी अडून बसले: आधी दारं-खिडक्या उघड्या ठेवून भिंत आतून सुकू दे, मग चुना. ऑइलपेंट तर नकोच, ओल कोंडते आणि पोपडे सुटतात. तोवर मुलं समाजमंदिरात बसली, खिचडीही तिथंच शिजली.