आजींच्या पिशवीतल्या अकरा पावत्या: करमदत केंद्रात नव्यानं बसणाऱ्यांसाठी

जुलै २०२४ मध्ये, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी कॉलेजच्या मोफत आयकर रिटर्न मदत केंद्रात पहिल्यांदा बसले. वडोदऱ्यात दांडियाबाजारातला एक हॉल, चार टेबलं, आम्ही आठ मुलं आणि मागे प्रत्येक रिटर्न तपासणारे सीए सर. आमच्यासारख्या पोरांवर लोक विश्वास ठेवतील का, असं मी विचारलं, तेव्हा सरांनी कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज विद्यापीठाचं उदाहरण दिलं. तिथे पन्नासएक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या मदतीनं सुरू झालेली अशी सेवा आज अमेरिकाभर चालते.

पहिल्याच रविवारी एक आजी कापडी पिशवीतून एफडीच्या अकरा पावत्या घेऊन आल्या. "बँकेनं कर कापलाय, म्हणजे माझं काम झालं ना गं बाळा?" त्यांचं उत्पन्न करपात्र नव्हतंच. एप्रिलमध्ये बँकेत फॉर्म १५एच (माझ्यावर कर लागत नाही, व्याजातून कापू नका, असं ज्येष्ठांनी लिहून देण्याचा फॉर्म) द्यायचा राहिला, म्हणून टीडीएस, म्हणजे व्याजातूनच आधी कापला जाणारा कर, कापला गेला होता. रिटर्न भरल्याशिवाय तो परत मिळत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी ऐका, मग लॅपटॉप उघडा. आजींनी एकच बँक सांगितली होती, पण एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या नोंदीत, दुसऱ्या बँकेचं व्याज निघालं. त्या काही लपवत नव्हत्या. ती एफडी आजोबांनी त्यांच्या नावानं केलेली, त्यांना ठाऊकच नव्हती. म्हणून २६एएस (कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस त्यांच्यासमोर बसून एकेक ओळ वाचा. आयकराच्या पोर्टलवर नवी करपद्धत आपोआप निवडलेली असते. ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट मात्र जुन्या पद्धतीतच मिळते. दोन्ही हिशेब कागदावर मांडून दाखवा.

नावाचं स्पेलिंगही बघा. आपल्या वडोदऱ्यात गायकवाड आडनाव पॅनवर एका तऱ्हेनं आणि पासबुकात दुसऱ्या तऱ्हेनं हमखास सापडतं. मग पोर्टलवर बँक खात्याची पडताळणी (व्हॅलिडेट) होत नाही आणि रिफंड अडकतो.

माझी चूक सांगते. एका काकांचं रिटर्न सबमिट करून मी त्यांना घरी पाठवलं. आधारला जोडलेला मोबाईल मुलाकडे पुण्याला होता, त्यामुळे ओटीपी मिळालाच नव्हता. ३० दिवसांत ई-व्हेरिफाय, म्हणजे ओटीपीनं रिटर्नची ऑनलाइन खातरजमा, झालं नाही, तर रिटर्न भरलेलं धरत नाहीत. सुदैवानं मुलाला फोन करून अठ्ठाविसाव्या दिवशी ते झालं. तेव्हापासून मोबाईल कुणाकडे आहे, हे मी आधी विचारते. ओटीपी आणि पासवर्ड त्यांचे त्यांनाच टाकू द्या. शेअरचं ट्रेडिंग किंवा दुकानाचा हिशेब आला, तर सरळ सरांकडे पाठवा. त्यात कमीपणा नाही.

एप्रिल २०२५ मध्ये आजी कॉलेजच्या फाटकाशी उभ्या होत्या. हातात दोन्ही बँकांचे कोरे फॉर्म १५एच होते.